ग्यानोबांच्या करवंट्या

ग्यानोबांनी दाढी वाढवली, ही बातमी ऐकल्यापासून रत्नमालाच्या जिवाला चैन नव्हतं.

बातमी आणली पारूबाईनं. पारूबाई मोहगावची, म्हणजे रत्नमालाच्या सासरच्या गावची, भावकीतली. सुनेला दाखवायला लातूरच्या दवाखान्यात आली होती. परतीच्या एस.टी.ला वेळ होता म्हणून घरी डोकावली. बशीत चहा ओतून तिनं आधी पाण्याचं गाऱ्हाणं सांगितलं. टँकर दिवसाआड येतो, घराला चार घागरी, त्यातही ढकलाढकली. मग बशी खाली ठेवत म्हणाली, "आन् तुझ्या सासऱ्यानं दाढी वाढविलीया, माय. ही एवढी. गळा झाकायलीया."

"आजारी आहेत का?"

"आजारी कशानं? हिंडतोय, फिरतोय. पोरं म्हनले, बाबा, तुमी आमच्या बापाच्या केल्या, आता आमी तुमची करतो. तर म्हनला, न्हाई. कुनाची करायची न्हाई आन् कुनाकडून करून घ्यायची न्हाई. चांगुणा असती तर झोपेत कापली असती तिनं."

चांगुणा म्हणजे ग्यानोबांची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. पारूबाई आपल्याच बोलण्यावर हसली. रत्नमालाला हसू आलं नाही.

दुसऱ्या कुणा म्हाताऱ्यानं दाढी वाढवली असती तर कुणी लक्षही दिलं नसतं. दुष्काळात दाढीला पाणी कोण घालतो! पण ग्यानोबा हा असा माणूस होता, की चांगुणाबाईंना माती देऊन आल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आरसा खिडकीत टेकवला आणि दाढी केली. "तिला मी असाच आवडत हुतो," एवढंच म्हणाले. त्या माणसाच्या हातून वस्तरा सुटला होता. तो कुठं सुटला आणि कुणामुळं सुटला, हे रत्नमालाला ठाऊक होतं. पारूबाईला ठाऊक नव्हतं. घरात आणखी एकाला ठाऊक होतं, तो म्हणजे तिचा नवरा अमृतराव. पण ते त्या विषयावर बोलत नसत.

ग्यानोबांनी वस्तरा हातात घेतला तो छप्पन सालानंतर. धर्मांतर झालं आणि मोहगावच्या वस्तीनं गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सांगावा घेऊन पळायचं नाही. मग एका रविवारी चार माणसं अंघोळ करून, धुतलेले सदरे घालून मारोती न्हाव्याच्या लिंबाखाली जाऊन बसली. त्यात ग्यानोबा होते. मारोतीनं वस्तऱ्याचं पातं मिटलं.

"ग्यानोबा, मी तुमची केली तर उद्या गाव माझ्या दारात येनार न्हाई. माझ्या लेकरांनी काय खावं, तूच सांग."

बाकीचे तिघं भांडायला उठले. ग्यानोबांनी त्यांना बसवलं. "त्याचं खरं हाय," ते म्हणाले. "मारोती, मंग असं कर. वस्तरा पाजायचा कसा, तेवढं दाखव."

मारोतीनं इकडंतिकडं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. चामड्याच्या पट्ट्यावर पातं कसं पालथं घालायचं, मनगट कुठं सैल सोडायचं, हे त्यानं दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं नाही, कारण पाटलाचा गडी येताना दिसला.

त्यानंतर दर रविवारी ग्यानोबांच्या अंगणात वस्तीची रांग लागू लागली. सुरुवातीला कपड्याचाच साबण होता, त्यानं गालांची आग व्हायची. ग्यानोबांनी तरुणपणी निजामाच्या राज्यात हैदराबादेला एका साबणाच्या कारखान्यात दोन वर्षं कढईखाली जाळ घातला होता. तिथं कुणी त्यांना शिकवलं नाही. पण जाळ घालणाऱ्याला नाक असतं आणि डोळेही असतात. त्यांनी करडईची वाळलेली काडं जाळून राख केली. बुडाला भोक असलेल्या माठात आधी गवताची चुंबळ, वर राख, त्यावर पाणी. थेंबथेंब खाराचं पाणी खालच्या घागरीत उतरायचं. त्यात कोंबडीचं पीस बुडवून बघायचं. पीस विरघळलं की खार पुरेसा तेज झाला. मग खोबरेल आणि एरंडेल तापवून त्यात तो खार धारेनं सोडायचा आणि लिंबाच्या काठीनं एकाच दिशेनं घोटत बसायचं. दुपार उलटून जायची. हा साबण वडीसारखा कडक होत नसे, लोण्यासारखा मऊ राहायचा. म्हणून तो नारळाच्या करवंट्यांत ओतायचा. महिनाभर छपराखाली मुरू द्यायचा. ज्याची त्याची करवंटी वेगळी, तिला ज्याची त्याची खूण कोरलेली.

आणि ज्याचा त्याचा वासही वेगळा. ह्या वासापायी चांगुणाबाई डोकं धरून बसायच्या.

कंधारच्या उरुसात एक अत्तरवाला यायचा. वर्षातून एकदा ग्यानोबा तिकडं जायचे आणि बोटाएवढ्या चार कुप्या घेऊन यायचे. बाकीचं रानातलं आणि परसातलं. गवती चहा, लिंबाची साल, वाळ्याच्या मुळ्या. कुणाला कोणता वास द्यायचा हे ते आपल्या मनानं ठरवत नसत. थेंबभर मनगटाला लावायचे आणि माणसाला रानात पाठवायचे. "जा, घाम काढून ये." संध्याकाळी ते मनगट हुंगायचे. "बाटलीतल्या वासाला काय अर्थ हाय? अंगावर उरतो तो वास." दगड फोडणाऱ्याला गवती चहा बसला. शाळेतल्या मास्तरला हिना. नवीन लग्न झालेला एक गडी अडून बसला, मला केवडाच पाहिजे.

"केवड्याला साप येतो, लेका," ग्यानोबा म्हणाले. "बायको येत न्हाई."

रांगेतली माणसं पोट धरून हसली. पण त्याला केवडाच दिला.

एवढं सगळं करून ग्यानोबा कुणाकडून काही घेत नसत. पायलीभर ज्वारी नाही, सुपारीचं खांडही नाही. पोट शेतमजुरीवर चालायचं. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "घेतलं की ही माझी जात झाली. मंग गाव म्हनंल, बघा, ह्यांच्यात बी एक न्हावी हाय. मी न्हावी न्हाई. मी फकस्त दाढ्या करतो." हे वाक्य मोहगावात सगळ्यांना पाठ होतं. लहान पोरं त्याची नक्कल करायची.

बाहत्तरच्या दुष्काळात सगळा गाव खडी फोडायला गेला. तलावाच्या कामावर एका ओळीत पाटलाचा भाऊ, त्याच्या शेजारी वस्तीतली माणसं, पलीकडं मारोती न्हावी. त्याची गिऱ्हाइकं उरली नव्हती, म्हणून तोही हातोडा घेऊन बसला होता. ग्यानोबांचा साबण अशा वेळी उपयोगी पडला. ओंजळभर पाण्यात पाच दाढ्या व्हायच्या. एका रविवारी रांग संपली, तरी एक माणूस बसून राहिला. वर बघितलं तर मारोती.

"माझा हात खडीनं गेला, ग्यानोबा. धरवत न्हाई."

"बस," ग्यानोबा म्हणाले. फेस करता करता त्यांनी विचारलं, "कोनता वास लावू?"

"तुला जो वाटंल तो."

"असं चालत न्हाई. मनगट आन."

ही गोष्ट ग्यानोबा कधी सांगत नसत. रत्नमालाला ती चांगुणाबाईंनी सांगितली होती.

रत्नमाला चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन मोहगावला आली. औरंगाबादेला बी.ए. झालेली, वसतिगृहात राहिलेली. सासरा अंगणात बसून माणसांच्या दाढ्या करतो हे पाहून पहिल्या रविवारी ती आतून बाहेर आली नाही. दुसऱ्या रविवारी ग्यानोबांनीच हाक मारली.

"रत्नामाय, इकडं ये. अमृतची करवंटी संपत आलीया. नवी करायची. वास तू निवड."

तिनं कुप्या हुंगल्या आणि लाजत मोगरा निवडला. ग्यानोबा हसले. "मोगरा खारात टिकत न्हाई, माय. वास मरतो आन् साबन काळा पडतो."

"मग दुसरा घ्या, मामा."

"न्हाई. तुझा मोगरा तर मोगरा."

साबण काळा पडला. वास गेला. अमृतरावांनी तो वर्षभर वापरला, आणि ग्यानोबा दर रविवारी करवंटी नाकाशी नेऊन गंभीरपणे म्हणायचे, "येतो, येतो, जरासा येतो." तेव्हापासून रत्नमाला रविवारी आरसा धरायला बाहेर बसू लागली. ग्यानोबांच्या उजव्या हाताला पुढं पुढं कंप सुटला. मोकळा असला की हात थरथरायचा. पण वस्तरा घेऊन गालाला टेकला की थांबायचा. ती ते बघत राहायची.

ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला. अमृतराव उस्मानाबादला कारकून होते, रविवारी गावी येत; त्यांची बदली लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत झाली. चांगुणाबाई वारल्या होत्या, म्हणून ग्यानोबांना सोबत घेतलं. मुलगी उज्ज्वला तेव्हा तीन वर्षांची होती. सगळ्या खात्यांचे साहेब आणि कारकून एकदमच लातुरात उतरले होते. भाड्याची घरं मिळेनात. जी होती, तिथं पहिला प्रश्न ठरलेला.

"मोहगावकर म्हणजे नक्की कोण?"

रत्नमालानं दोन ठिकाणी खरं सांगितलं. एका ठिकाणी घर आधीच दुसऱ्याला दिलं असल्याचं कळलं. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं, की आमच्या सासूबाईंचं सोवळं असतं हो. तिसऱ्या ठिकाणी रत्नमाला म्हणाली, "आम्ही इथलेच, चाकूरकडचे." तेवढ्यानं भागलं नाही. महिनाभर तिघं आणि मूल एका ओळखीच्याच्या पत्र्याच्या खोलीत राहिले. उज्ज्वलाला उष्णतेच्या गळवांनी बेजार केलं.

चौथं घर विमलताईंचं. पुढं त्यांचं मोठं घर, मागं दोन खोल्या, अंगणात बोअर. विमलताईंचे यजमान वसंतराव शाळेत शिकवत. सासरे बापूसाहेब अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. विमलताई बोलायला मोकळ्या होत्या. खोल्या दाखवून त्या फाटकाशी आल्या आणि त्यांनी विचारलं, "मोहगावकर म्हणजे...?"

पत्र्याची खोली सोडून ते सामानासकटच आले होते. फाटकाबाहेर टेम्पोजवळ ग्यानोबा ट्रंकेवर बसले होते. मांडीवर चामड्याचा पट्टा, पायाशी करवंट्यांची टोपली. विमलताईंची नजर तिकडं गेली आणि चेहरा उजळला.

"अगंबाई, न्हावी होय! मग सरळ सांगायचं ना, त्यात काय लाजायचं?"

रत्नमालाच्या तोंडात 'नाही' आलं होतं. पदराला धरून उज्ज्वला उभी होती, मानेवर पिकलेलं गळू. रत्नमाला म्हणाली, "हं."

तेवढंच. त्या 'हं'वर घर मिळालं. टेम्पोतून सामान उतरवताना अमृतराव वडिलांकडं बघत हळूच म्हणाले, "बाला कळू द्यायचं नाही." बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेतच राहिली. ग्यानोबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ह्या भिंतींना खिळे ठोकू देत नाहीत, मामा." ग्यानोबांनी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, खिळ्याला लावलेलं.

विमलताई वाईट नव्हत्या. रत्नमालाला हेच जड जायचं. बोअरचं पाणी त्यांनी कधी मोजून दिलं नाही, सणाला पुरणपोळी पाठवली, उज्ज्वलाला आपल्या नातीच्या बरोबरीनं जेवू घातलं. उज्ज्वलाला शिकवून ठेवावं लागलं. गावाचं काही बोलायचं नाही. चौदा एप्रिलला नवा फ्रॉक कशाचा विचारलं तर वाढदिवस म्हणायचं. आजोबांचं तर काहीच सांगायचं नाही. पोर हुशार होती, लवकर शिकली.

लातुरात ग्यानोबांना दाढ्या करायला माणसं उरली नव्हती. चौकात सलून होती, फिरत्या खुर्च्यांची, आत कोण बसतो हे तिथं कुणी विचारत नसे. एकदा ग्यानोबा नुसते आत जाऊन बसले आणि दाढी करून न घेताच उठून आले. "लई चांगलं झालं," ते घरी येऊन म्हणाले. "कुनी बी जातंय, कुनी बी बसतंय. ह्याच्यासाठीच केला हुता की अट्टाहास." मग दिवसभर वस्तरा पट्ट्यावर पाजत बसले.

त्यांना कामाला लावलं ते बापूसाहेबांनी. म्हाताऱ्याच्या गालावर खुंट वाढलेले, वसंतरावांना वेळ नसे. ग्यानोबा एक दिवस आपण होऊन आत गेले. पुढं ते रोजचंच झालं. बापूसाहेबांचा अर्धा जबडा हलत नसे, तरी दोघांच्या गप्पा चालायच्या. निजामाच्या काळातले रुपये, हैदराबादचा इराणी चहा, कुठल्या सालच्या पुरात कुठला पूल गेला. बापूसाहेबांसाठी वास निवडायला ग्यानोबांना तीन आठवडे लागले. अंथरुणावरचा माणूस रानात जाऊन घाम काढणार कसा? शेवटी त्यांनी वाळा ठरवला. "तापलेल्या अंगाला वाळाच पाहिजे." बापूसाहेब वाकड्या तोंडानं म्हणाले, "ग्यानोबा, तुला काय देऊ?" ग्यानोबा म्हणाले, "गप बसा, कापंल."

विमलताईंना वाटायचं, जातिवंत कारागीर, हाताला सवय, राहवत नाही बिचाऱ्याला.

शहाऐंशीच्या मे महिन्यात बापूसाहेब गेले. मांजरा नदीत पाणी नव्हतं, बोअर रात्रभरात चार बादल्या द्यायचं. ग्यानोबा चार दिवस नीट जेवले नाहीत. आठव्या दिवशी विमलताई मागच्या खोलीत आल्या. रत्नमाला तांदूळ निवडत होती, ग्यानोबा दारात बसले होते.

"ग्यानोबा, परवा दहावा आहे. ह्यांचं क्षौर करायला तुम्हीच या. दुकानवाले म्हणतात, दहाव्या-तेराव्याची कामं आम्ही सोडली. काय दिवस आलेत बघा! पण म्हटलं, आपल्या घरातच न्हावी असताना कशाला कुणाच्या पाया पडा? रीतीप्रमाणे धोतर-टोपी देऊ."

ग्यानोबांना आधी समजलंच नाही. "मी?" ते म्हणाले. "बाई, माझं ते काम न्हाई. मी न्हावी..."

"असं काय करता? सूनबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलंय की सगळं."

ग्यानोबांनी मान वळवून रत्नमालाकडं पाहिलं. ती सुपातल्या तांदळात खडे शोधत राहिली. एकही सापडेना. मोकळा हात मांडीवर थरथरत होता, तो ग्यानोबांनी दुसऱ्या हातानं धरला.

"आसं हाय का," ते म्हणाले. "मंग येतो."

विमलताई गेल्या. रत्नमालाला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ग्यानोबांनी एवढंच विचारलं, "उजीच्या शाळंत बी हेच लिवलंय का?"

"नाही, मामा. शाळेत खरं लिहिलंय."

"बरं केलंस."

दहाव्याला काय झालं ते अमृतरावांनी सांगितलं, तेही तुटक तुटक. नदी कोरडी म्हणून एका नातेवाइकाच्या विहिरीवर विधी होता. ग्यानोबांनी बापूसाहेबांचीच करवंटी नेली होती. तळाला थोडा साबण उरला होता, त्याचा फेस करून वसंतरावांच्या डोक्याला लावला. भटजी म्हणाले, साबण चालत नाही. तोवर वाळ्याचा वास वसंतरावांच्या नाकात गेला होता. पन्नाशी उलटलेला तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला आणि म्हणाला, "चालू द्या, चालू द्या." ग्यानोबांचा हात जराही हलला नाही. एक केस उरला नाही, एक ओरखडा आला नाही. नंतर धोतर-टोपी पुढं आली. ग्यानोबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. अमृतराव म्हणाले, "बानं आयुष्यात पहिल्यांदा घेतलं." आणि तोंड फिरवून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्यानोबा पिशवी घेऊन निघाले. "गावातल्या घराचं बघून येतो," म्हणाले. धोतर-टोपी आणि वस्तरा, दोन्ही फळीवर तसंच होतं. महिना झाला, दोन झाले. अमृतराव जाऊन आले. "येत नाही म्हणतात. रागावलेले नाहीत. म्हणाले, तुमचं घर आहे, सांभाळा." रत्नमालानं पत्र लिहायला घेतलं, तीनदा फाडलं. काय लिहायचं? या म्हणायचं, तर इथं येऊन ते कोण म्हणून राहणार?

"वर्षभर थांब," अमृतराव म्हणायचे. "हौसिंगची घरं निघतायत. आपलं झालं की बाला आणू. तोवर गप्प राहू." बोलणं शहाणपणाचं होतं. पण बाहेर पाऊस पुन्हा हुलकावणी देऊन गेला होता, ग्यानोबा पंच्याहत्तरीला आले होते, टँकरवर घागरी ओढत होते, आणि आता पारूबाईनं दाढीचं सांगितलं. चार वर्षं जी भीती फक्त भिंतीपलीकडच्यांची होती, ती आता दुसरीकडंच वळली. वर्षभरात माणूस उरला नाही तर?

पारूबाई येऊन गेली त्याला तीन दिवस झाले होते. शनिवारची सकाळची शाळा आटोपून उज्ज्वला विमलताईंच्या नातीबरोबर अंगणात सागरगोटे खेळत होती. रत्नमाला आत पापड उलटत होती. खिडकीतून बोलणं ऐकू येत होतं.

"तुझे आजोबा कधी येणार गं?" नातीनं विचारलं.

"आमचे आजोबा?" सागरगोटा वर उडाला, खाली आला, झेलला गेला. "ते वारले."

"कधी?"

"तुझ्या पणजोबांच्या नंतर."

"आई गं! मग तुम्ही दहावा नाही केला?"

"गावाला केला."

रत्नमालानं तिला आत बोलावलं. आवाज चढवला नाही, तो चढतच नव्हता. "आजोबा वारले असं का सांगितलंस, उजू?"

उज्ज्वलानं आईकडं नवल वाटल्यासारखं पाहिलं. "मग काय सांगू? तू म्हणालीस आजोबांचं काही सांगायचं नाही. ती रोज विचारते. वारले म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही."

तिच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याची खूण नव्हती. काम नीट केल्याचं समाधान होतं. एक क्षण तर ती शाबासकीची वाट बघते आहे असंही रत्नमालाला वाटलं. ह्या पोरीच्या मानेवरच्या गळवासाठी तिनं 'हं' म्हटलं होतं. गळू कधीच बरं झालं होतं, व्रणही राहिला नव्हता.

"जा, खेळ," ती म्हणाली.

पापड एका बाजूनं कडक झाले, तिनं ते तसेच ठेवले. मोहगावच्या पोस्टात वर्षापूर्वी फोन बसला होता. पोस्टमास्तर सिद्धराम भला माणूस, वस्तीतून कुणालाही बोलावून आणायचा. आज शनिवार, तो दोनपर्यंत पोस्टात असणार. तिनं साडी नीट केली, चपला घातल्या. तारघर वीस मिनिटांवर होतं. तिथं लाकडी खोली होती, दार लावून घेता यायचं, आतलं बाहेर कुणाला ऐकू जात नसे.

फाटकापर्यंत गेली आणि थांबली. दार लावून बोलायचं, म्हणजे पुन्हा तेच. दार लावून मामांना 'या' म्हणायचं आणि दार उघडून त्यांना न्हावी म्हणायचं. ते येणार नाहीत, आणि न येण्यात त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. अमृतरावांना विचारावं का? ते म्हणतील, वर्षभर. ते संध्याकाळी आले की त्यांना सांगू. रागावतील, मग कदाचित तेही रडतील.

फोन लागल्यावर पहिला शब्द कोणता म्हणायचा हे तिला माहीत होतं. लग्न होऊन आल्यापासून सकाळी उठून ती सासऱ्याला जो म्हणत आली होती, तोच. चार वर्षं तो तिनं दारं मिटून, ओठातल्या ओठात म्हटला होता. जय भीम, मामा. त्यानंतर, माझं चुकलं. त्यानंतर, या, घर राहिलं तर इथं, नाही तर जिथं मिळेल तिथं. पत्र्याची खोली मिळाली तरी चालेल.

ती पुढच्या घराच्या पायऱ्या चढली आणि उंबऱ्याशी तिनं चपला काढल्या. विमलताई बैठकीत शेवया मोडत बसल्या होत्या. वसंतराव पेपर वाचत होते. कोपऱ्यातल्या स्टुलावर, विणलेल्या रुमालाखाली फोन होता.

"ताई, एक ट्रंक कॉल लावायचा होता."

"लाव की. कुणाला गं?"

"मोहगावला. सासऱ्यांना."

"अगंबाई! ते तर..." विमलताईंनी अंगणाकडं पाहिलं. नातीनं बातमी आधीच पोचवली होती.

"नाही," रत्नमाला म्हणाली. "आहेत ते."

तिनं रुमाल बाजूला केला आणि एक्स्चेंजला नंबर सांगितला. ऑपरेटर बाईनं थांबायला सांगितलं, लाइन मिळाली की घंटी वाजेल. ती स्टुलाशेजारच्या खुर्चीवर बसली.

"जरा मोठ्यानं बोलावं लागेल हं," विमलताई म्हणाल्या. "गावाकडचे फोन धड ऐकू येत नाहीत."

"हो," रत्नमाला म्हणाली. "मोठ्यानंच बोलणार आहे."